कऱ्हेकाठचा मुलगा

या स्मरणिकेला नाव काय द्यायचे यावरून आपल्या समितीत सलग तीन रविवार खडाजंगी झाली. 'ज्ञानगंगा' झाले, 'स्मृतिगंध' झाले. मग आपल्यातल्या एकाने, तोही नेहमीचा शेवटच्या बाकावरचा, विचारले की शाळेमागच्या त्या ओढ्याला काय म्हणायचे? ज्यात आपण वहीची पाने फाडून होड्या सोडल्या, त्या ओढ्याचे नाव नऊ जणांपैकी एकालाही आठवेना. घरी येताना मला आचार्य अत्रे आठवले. म्हणून हा लेख.

प्रल्हाद केशव अत्रे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ चा, पुरंदर तालुक्यातल्या कोडीतचा. बालपण सासवडला गेले. डोक्यावर पुरंदर किल्ला, गावात सोपानदेवांची समाधी, आषाढीला तिथून निघणारी पालखी, आणि या सगळ्याला वळसा घालत जाणारी कऱ्हा. ही काही गंगा-गोदावरी नव्हे. पर्जन्यछायेतल्या मुलखातली नदी. पावसाळ्यात चार दिवस तोरा मिरवणार आणि उन्हाळ्यात वाळू दाखवणार. पण सोमवती अमावस्येला जेजुरीचा खंडोबा पालखीत बसून हिच्याच पाण्यात आंघोळीला येतो. त्या मुलखातल्या मुलाला नदी म्हणजे हीच.

पुढे प्रल्हाद पुण्याला शिकायला गेला, १९१९ साली बी.ए. झाला आणि मास्तर झाला. आपल्या सरांना आणि बाईंना हे मुद्दाम सांगायला हवे, कारण लोकांना अत्रे म्हटले की नाटक, सिनेमा आणि गाजवलेल्या सभा आठवतात. हा माणूस आधी शिक्षक. पुण्यात कँप एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे ते मुख्याध्यापक होते. लंडनला जाऊन शिक्षणशास्त्राची पदविका घेऊन आले आणि मुलांना मराठीची गोडी लागावी म्हणून 'नवयुग वाचनमाला' काढली. माझ्या वडिलांच्या पेटीत तिचे एक पुस्तक होते. पुठ्ठा निघालेला, पण टाकलेले नव्हते.

नाव ठेवण्यात अत्र्यांचा हात कोणी धरणार नाही. कविता लिहायला घेतली तेव्हा त्यांनी 'केशवकुमार' हे नाव घेतले, म्हणजे केशवाचा मुलगा. घरातल्या वडिलांना नमस्कार झाला आणि केशवसुतांना कोपरखळीही. १९२५ च्या सुमाराला रविकिरण मंडळाच्या कवींची टर उडवणारा विडंबनांचा संग्रह आला, त्याचे नाव 'झेंडूची फुले'. गुलाब नाही, मोगरा नाही. दसऱ्याच्या तोरणातले, बैलांच्या गळ्यातले फूल. मला तर त्यात सासवडचा बाजार दिसतो.

नंतरचे आयुष्य आपण ऐकून आहोत. 'साष्टांग नमस्कार', 'लग्नाची बेडी', १९४० साली 'नवयुग' साप्ताहिक, १९५६ च्या नोव्हेंबरात दैनिक 'मराठा', संयुक्त महाराष्ट्राची लढाई, तुरुंग. 'श्यामची आई' हा त्यांचा चित्रपट राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणारा पहिला. दुसऱ्याच्या बालपणाची गोष्ट इतक्या मायेने सांगणारा हाच माणूस, 'मराठा'च्या अग्रलेखात मात्र प्रतिपक्षाची सालटी काढायचा. त्या लेखणीने काही माणसांना अकारण घायाळ केले, हेही खरे. ते झाकून त्यांचा मोठेपणा वाढत नाही.

आणि मग साठी उलटल्यावर हा माणूस आत्मचरित्र लिहायला बसला. नाव द्यायला त्यांच्यापाशी काय कमी होते? गाजलेल्या नाटकाचे देता आले असते, लढ्याचे देता आले असते. एवढा मोठा 'मी' असलेल्या माणसाने पुस्तकाच्या नावात 'मी' घातला नाही. त्याने लिहिले 'कऱ्हेचे पाणी'. पाच खंड स्वतः लिहिले, तरी गोष्ट आटोपली नाही.

मराठीत पाणी शब्दाला दोन धारी आहेत. नदीचे पाणी ते एक, आणि तलवारीचे, माणसाचे पाणी ते दुसरे. ज्याला शत्रू पाणी पाजायला निघाले होते, त्याने आपले पाणी कुठले ते सांगून टाकले. मुंबईचे नव्हे, पुण्याचे नव्हे. एका उन्हाळी आटणाऱ्या नदीचे. पोरपणी ओंजळीने प्यायलेल्या पाण्यावर चाळीस वर्षे भांडणे करता येतात, असे त्या नावात मला दरवेळी ऐकू येते. ते नाव वाचेपर्यंत महाराष्ट्रातल्या किती जणांना कऱ्हा नावाची नदी आहे हे ठाऊक होते? आज सासवडला न गेलेलाही तिचे नाव घेतो.

१३ जून १९६९ ला अत्रे गेले.

आपल्या ओढ्याचे नाव मी अजून शोधतोय. त्याच्यावर आता स्लॅब टाकून रिक्षा स्टँड झाला आहे. मराठीच्या बाईंना फोन केला, तर त्यांनी आपण तास चुकवून तिथे जायचो एवढेच आठवते म्हणून मलाच सुनावले. पालिकेच्या नकाशात तो नुसता नाला आहे, क्रमांकासहित. चौथ्या रविवारी कंटाळून आम्ही मुखपृष्ठावर फक्त शाळेचे नाव आणि आपल्या तुकडीचे साल छापायचे ठरवले. तुमच्यापैकी कोणाच्या आजीने ते नाव कधी घेतलेले आठवत असेल, तर मेळाव्याच्या दिवशी जेवणाआधी मला गाठा. आतल्या पानावर हाताने लिहायला जागा सोडली आहे.