दिवा आणि आकडे

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटलं की शाळेच्या पुस्तकातली, हातात दिवा घेतलेली बाई आठवते. पण ती गणितात पक्की होती, हे आपल्या इंजिनिअरिंगवाल्यांना कुणी सांगतच नाही!

तिचा जन्म १२ मे १८२० चा, इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरातला. घर श्रीमंत इंग्रजाचं. मुलीने नर्स व्हावं हे घरच्यांना मुळीच पसंत नव्हतं; तेव्हा ते काम हलकं समजत. तरी ती शिकली आणि नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ नर्सेस घेऊन क्रिमियन युद्धातल्या जखमींसाठी तुर्कस्तानात स्कुटारीला पोचली. तिथे सैनिक जखमांपेक्षा कॉलरा, टायफस अन् हगवणीनेच जास्त मरत होते. तिने जेवण, कपडे, साफसफाई सगळं हाती घेतलं, तरी हिवाळाभर मृत्यू वाढतच गेले. मार्च १८५५ मध्ये सरकारी स्वच्छता आयोग आला. त्याने तुंबलेली गटारं साफ केली, हवा खेळती केली, आणि मृत्यू झपाट्याने उतरले.

खरी परीक्षा युद्धानंतर झाली. तिला वाटत होतं, सैनिक उपासमारीने आणि अतिश्रमाने दगावले. विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञासोबत आकडे मांडले तेव्हा दिसलं की घात घाणीने केला. जगभर नाव झालं होतं, गप्प बसली असती तरी कोण विचारणार होतं? पण तिने मत बदललं. १८५८ मध्ये तेच आकडे रंगीत गोल आलेखात छापले, म्हणजे मंत्र्यांनाही एका नजरेत कळावेत! त्याच वर्षी लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने तिला पहिली महिला फेलो केलं.

१८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात तिची नर्सिंगची शाळा निघाली. नीट बघा आणि बघितलेलं लिहून ठेवा, हा तिचा धडा. १८७२ पासून ती तिथल्या विद्यार्थिनींना पत्रं लिहून समजावत राहिली. भारतात ती कधी आली नाही, पण इथल्या छावण्यांना प्रश्नावली पाठवून पाण्याची, गटारांची माहिती मागवली; १८६३ चा अहवाल त्यावरच उभा राहिला. १३ ऑगस्ट १९१० ला ती वारली. पुढे आपल्याकडे रमाबाई रानड्यांनी पुण्याच्या सेवासदनातून मुली-विधवांना नर्सिंगकडे वळवलं, तेव्हा त्यांनाही लोकांची बोलणी चुकली नाहीत.

बोलणी अजून संपली कुठे? आमच्या जुन्या शहरात धाकट्या बहिणीने नर्सिंगचा फॉर्म आणला, तर नातेवाइकांनी नाकं मुरडली, की बाप्पा, दुसरं काही भेटलंच नाही का! आज ती सेकंड इयरला आहे. पडून असलेल्या पेशंटची कूस किती वेळाने बदलायची, हे नुसत्या सवयीने ठरवू नका, आधी पुरावा वाचा, असं तिच्या मॅडम शिकवतात. घरी येऊन ती मलाच आलेखाचे प्रश्न विचारते, आणि मला पुस्तक उघडावं लागतं.

तेव्हा दोस्तहो, रीडिंग आपल्या अंदाजाशी जुळलं नाही, तर जर्नलमध्ये खाडाखोड करण्याआधी या बाईला एकदा आठवा. आपलं फार तर मार्कांचं नुकसान होईल; तिच्या वहीत प्रत्येक आकडा म्हणजे एक माणूस होता!