चाकांवरची तपस्विनी : बेरिल बर्टन

बेळगावच्या परिसराला सायकलीचे अप्रूप फार जुने. १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलीचे दुकान थाटले आणि पुढे एका मोठ्या उद्योगसमूहाचा पाया घातला. सांबऱ्याहून बेळगावला शाळा-कॉलेजसाठी जाणाऱ्या कित्येक पिढ्यांचे सायकल हेच वाहन होते. या साध्या वाहनावर एका स्त्रीने केवढे कर्तृत्व गाजवले, हे जाणून घ्यायचे तर इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यातील बेरिल बर्टन हिचे चरित्र पाहावे.

बेरिलचा जन्म १२ मे १९३७ रोजी लीड्स शहरातील हॉल्टन या भागात झाला. वयाच्या अकराव्या वर्षी तिला संधिवाताच्या तापाने गाठले. रुग्णालयात आणि नंतर विश्रांतिगृहात मिळून सुमारे दोन वर्षे गेली. शाळा मागे पडली, हृदय कायमचे दुबळे झाले. अंगमेहनत टाळावी, असा सल्ला डॉक्टरांनी दिला. हा सल्ला तिने मानला असता, तर हे चरित्र लिहिण्याचे कारणच उरले नसते.

नोकरीच्या ठिकाणी तिची चार्ली बर्टन या सायकलप्रेमी तरुणाशी ओळख झाली. त्यानेच तिला सायकलीची गोडी लावली. १९५५ मध्ये दोघांचा विवाह झाला आणि पुढच्याच वर्षी कन्या डेनिसचा जन्म झाला. थोड्याच काळात पत्नी आपल्यापुढे निघून गेल्याचे चार्लीने ओळखले. त्याने ते खुल्या मनाने स्वीकारले आणि तो तिचा मेकॅनिक, सारथी व सोबती झाला. स्त्रीच्या यशामागे असा निगर्वी पुरुष उभा राहिल्याची उदाहरणे विरळाच.

१९५९ साली बेरिलने ट्रॅकवरील वैयक्तिक पाठलाग शर्यतीत पहिले जागतिक विजेतेपद मिळवले. या प्रकारात दोन स्पर्धक वर्तुळाच्या समोरासमोरच्या बाजूंनी निघतात आणि एकमेकांना गाठण्याचा प्रयत्न करतात. १९६०, १९६२, १९६३ व १९६६ या वर्षीही हा मान तिच्याकडेच आला. रस्त्यावरील शर्यतीत १९६० व १९६७ मध्ये ती जगज्जेती ठरली. अशी एकूण सात जागतिक अजिंक्यपदे तिच्या नावावर आहेत. स्वदेशात तर तिने नव्वदांहून अधिक राष्ट्रीय विजेतेपदे जिंकली. वर्षभराच्या कामगिरीवर दिला जाणारा सर्वोत्कृष्ट अष्टपैलू महिला सायकलपटूचा किताब १९५९ ते १९८३ अशी सलग पंचवीस वर्षे तिने कोणालाही दिला नाही.

तिच्या कीर्तीचा कळस चढला तो सप्टेंबर १९६७ मध्ये. बारा तासांत अधिकाधिक अंतर कापण्याच्या शर्यतीत तिने २७७.२५ मैल, म्हणजे सुमारे ४४६ किलोमीटर मजल मारली. त्याच दिवशी माइक मॅक्नमारा याने पुरुषांचा नवा विक्रम केला होता. तोही तिच्या मागे राहिला. त्याला ओलांडून जाताना बेरिलने त्याच्यापुढे ज्येष्ठमधाची एक गोळी धरली. त्या गोळीत हेटाळणी नव्हती, सहप्रवाशाबद्दलची आपुलकी होती. पुरुषांना हे अंतर ओलांडायला १९६९ साल उजाडले. स्त्रियांमधील तिचा विक्रम २०१७ पर्यंत, म्हणजे पन्नास वर्षे, अबाधित राहिला.

एवढ्या यशातून धन मात्र फारसे आले नाही. ती अखेरपर्यंत हौशी खेळाडूच राहिली. मॉर्ली येथे निम कार्लाइन या सायकलपटूच्या मळ्यात ती मजुरीने राबत असे. चिखलातले ते काबाडकष्ट हीच तिची व्यायामशाळा होती. ऑलिंपिकचे दार तर तिच्या काळी स्त्री सायकलपटूंना बंदच होते. ते १९८४ मध्ये उघडले, तेव्हा तिने सत्तेचाळिशी गाठली होती. ब्रिटिश शासनाने १९६४ व १९६८ मध्ये तिला सन्मानित केले, एवढेच.

जिंकण्याची ही ओढ कधीकधी कठोरही होई. १९७६ च्या राष्ट्रीय रस्ता-शर्यतीत डेनिसने आईला मागे टाकले, तेव्हा बेरिलने विजयमंचावर लेकीशी हस्तांदोलन केले नाही. आईच्या मायेवर त्या क्षणी खेळाडूच्या ईर्षेने मात केली. तिच्या चरित्रातील हा उणेपणा झाकण्याचे कारण नाही. पुढे १९८२ मध्ये याच मायलेकींनी जोडसायकलीवर दहा मैलांचा राष्ट्रीय विक्रम केला. दुरावा मिटवण्याचा याहून सुंदर मार्ग त्यांना दुसरा कोणता सापडला असता?

५ मे १९९६ रोजी, आपल्या एकोणसाठाव्या वाढदिवसाची आमंत्रणे वाटण्यासाठी ती सायकलीवरून निघाली होती. वाटेतच तिचे हृदय थांबले. ज्या हृदयाला डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती, त्याने त्यानंतर सुमारे पंचेचाळीस वर्षे तिची साथ केली होती.

मॉर्लीत आज तिच्या नावाची बाग आहे. पण तिचे खरे स्मारक रस्त्यावरच आढळते. भल्या सकाळी दप्तर अडकवून, वाऱ्याला तोंड देत पायडल मारणारी कोणतीही मुलगी नकळत तिच्याच वाटेने जात असते.