कानाने ओळखलेल्या तीन जाती

इंग्लंडमधील हॅम्पशायर परगण्यातले सेलबोर्न हे लहानसे खेडे. गिल्बर्ट व्हाइट यांचा जन्म तिथलाच, १७२० सालचा. ऑक्सफर्डला शिकून ते धर्मोपदेशक झाले आणि आयुष्याचा बराचसा काळ गावातच राहिले. रानात फिरायचे आणि जे दिसेल, ऐकू येईल ते टिपून ठेवायचे, हा त्यांचा नेम होता.

त्या काळी पक्ष्यांचा अभ्यास मुख्यतः मेलेले पक्षी हाती घेऊन होई. वसंतात येणाऱ्या, जेमतेम दहा ग्रॅम वजनाच्या हिरवट-पिवळसर वटवट्यांना तर सरसकट एकच नाव होते. व्हाइट यांच्या कानांना मात्र फरक जाणवला. एक पक्षी ‘चिफ-चाफ’ असे दोनच सूर घोळवत राही. दुसऱ्याची हळुवार तान वरून खाली उतरत जाई. तिसरा उंच बीच वृक्षांच्या शेंड्यांवर पंख थरथरवत सळसळता सूर काढी. मग त्यांनी तिन्ही पक्षी हाती घेऊन आकार, रंग, पाय तपासले. या तीन स्वतंत्र जाती असल्याचे त्यांनी १७६८ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ थॉमस पेनंट यांना पत्राने कळवले. चिफचाफ, विलो वॉर्बलर आणि वूड वॉर्बलर ही त्यांची आजची नावे.

या फरकामागचे कारण आता ठाऊक आहे. नर गातो तो हद्द राखण्यासाठी आणि मादीला बोलावण्यासाठी. रूप जवळजवळ सारखे असले, तरी गाण्यावरून मादीला आपल्याच जातीचा नर ओळखता येतो आणि संकर सहसा टळतो.

ज्या कानांनी हे साधले, तेच पुढे दगा देऊ लागले. व्हाइट यांना वरचेवर बहिरेपणा येई. १७७४ मध्ये एका मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी ही व्यथा मांडली. ऐन वसंतात पाखरे गात असताना त्यांना काहीच ऐकू येत नसे. तरीही नोंदी थांबल्या नाहीत. पाकोळ्या आणि भिंगऱ्यांवरचे त्यांचे लेख त्याच सुमारास रॉयल सोसायटीने छापले. १७८९ मध्ये सेलबोर्नच्या निसर्गावरचे त्यांचे पुस्तक आले. चार वर्षांनी, १७९३ मध्ये, गावातच त्यांचे निधन झाले.

याच कुळातले पर्णवटवटे हिवाळ्यात सह्याद्रीतही येतात. पानांआड लपलेल्या या पाहुण्यांची जात ठरवताना पक्षीनिरीक्षक आजही आधी कान टवकारतात.