डॉ. जोसेफ लिस्टर

जोसेफ लिस्टर यांचा जन्म १८२७ साली इंग्लंडातील एका क्वेकर कुटुंबात झाला. ते ग्लासगो येथे शस्त्रवैद्य असताना शस्त्रक्रियेच्या जखमा चिघळून पुष्कळ रोगी दगावत. हे सूक्ष्म जंतूंचे काम आहे, असे त्यांनी पाश्चर यांच्या संशोधनावरून ताडले व १८६५ पासून जखमांवर कार्बोलिक अ‍ॅसिड वापरले.

१८६७ साली त्यांची बहीण इझाबेला स्तनाच्या कर्करोगाने आजारी होऊन त्यांच्याकडे आली. जखम चिघळली, तर भावाच्याच हातून बहिणीचा मृत्यू! तरीही त्यांनी घरीच शस्त्रक्रिया केली. जखम न चिघळता भरून आली. सुमारे तीन वर्षांनी कर्करोगाने इझाबेला गेली; परंतु ती वर्षे तिला लाभली.

लिस्टर १९१२ साली निवर्तले. आज शस्त्रक्रियेपूर्वी हात व हत्यारे निर्जंतुक करतात, त्यामागे त्यांचेच श्रम आहेत.