बार्बरा मॉर्गन

बार्बरा मॉर्गन (जन्म : ८ जुलै १९००, मृत्यू : १७ ऑगस्ट १९९२) या अमेरिकन छायाचित्रकार व चित्रकार होत्या. मार्था ग्रॅहॅम यांच्या नृत्यांच्या छायाचित्रांसाठी त्या ओळखल्या जातात.

प्रारंभिक जीवन
मॉर्गन यांचा जन्म कॅन्सस राज्यातील बफेलो येथे झाला आणि बालपण कॅलिफोर्नियात गेले. सर्व वस्तू नाचत्या अणूंच्या बनलेल्या असतात, ही वडिलांची शिकवण त्यांच्या मनावर कायमची ठसली. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात कलाशिक्षण घेतल्यावर त्यांनी १९२५ पासून तेथेच अध्यापन केले. त्याच वर्षी लेखक-छायाचित्रकार विलर्ड मॉर्गन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. छायाचित्रण ही चित्रकलेच्या तोडीची कला आहे, हे त्यांना प्रथम मान्य नव्हते. एडवर्ड वेस्टन यांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन मांडताना त्यांचे मत बदलले.

छायाचित्रणाकडे वळण
१९३० मध्ये हे दांपत्य न्यू यॉर्कला आले. १९३२ आणि १९३५ मध्ये मुलांचा जन्म झाल्यावर चित्रकलेसाठी लागणारा सलग वेळ त्यांना मिळेना. छायाचित्रे धुण्याचे व छापण्याचे काम मात्र रात्री, मुले झोपल्यावर करता येत असे. त्यामुळे कुंचला बाजूला ठेवून त्यांनी कॅमेरा स्वीकारला.

नृत्य छायाचित्रण
१९३५ मध्ये त्यांची ग्रॅहॅम यांच्याशी भेट झाली. मॉर्गन प्रथम नृत्य पाहत, त्यातील सार व्यक्त करणारे क्षण मनात निश्चित करत आणि नंतर स्टुडिओत स्वतः योजलेल्या प्रकाशात नर्तकांकडून ते पुन्हा सादर करवून टिपत. त्यामुळे ही छायाचित्रे प्रयोगाची केवळ नोंद न राहता स्वतंत्र कलाकृती ठरली. ‘लेटर टू द वर्ल्ड’ (१९४०) या नृत्याचे त्यांचे छायाचित्र सर्वाधिक प्रसिद्ध आहे. त्यात ग्रॅहॅम पुढे वाकलेल्या असून मागे उचललेल्या पायाबरोबर घागऱ्याचा मोठा घेर उसळलेला दिसतो. मर्स कनिंगहॅम, होसे लिमोन व डॉरिस हम्फ्री या नर्तकांचीही छायाचित्रे त्यांनी काढली.

ग्रॅहॅम यांच्या सोळा नृत्यांवरील त्यांचा छायाचित्रसंग्रह १९४१ मध्ये प्रकाशित झाला. फोटोमोंटाज आणि हलत्या प्रकाशाने काढलेल्या रेखाकृती हेही त्यांच्या प्रयोगशीलतेचे विशेष होत.

उत्तरायुष्य
१९५२ मध्ये ‘ॲपर्चर’ या छायाचित्रणविषयक नियतकालिकाच्या संस्थापकांत ॲन्सेल ॲडम्स व डोरोथिया लँग यांच्यासह त्यांचा समावेश होता. नृत्याचा प्रयोग संपताच विरून जातो. अमेरिकन आधुनिक नृत्याचा तो काळ आज मुख्यतः ज्या प्रतिमांतून डोळ्यांसमोर येतो, त्यांत मॉर्गन यांच्या छायाचित्रांचे स्थान महत्त्वाचे आहे. न्यू यॉर्क राज्यात त्यांचे निधन झाले.