हवा धरून ठेवणारा माणूस

पावसाळा सरता सरता जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतली धरणे भरून येतात. कुकडीवरचे माणिकडोह, मीना नदीवरचे वडज, घोड नदीवरचे डिंभे. ज्या गावाने आंबेगाव तालुक्याला नाव दिले, ते मूळ गाव तर डिंभ्याच्या पाण्याखालीच गेले. पाण्याशी नाते सांगणाऱ्या अशा मुलखात पूर्वी मुले कमरेला वाळलेला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकत. भोपळे किंवा ओंडके एकत्र बांधून केलेल्या तराफ्याला सांगड म्हणत. आज भोपळ्याच्या जागी मालमोटारीच्या चाकातली फुगवलेली ट्यूब आली आहे. राज्यातल्या कितीतरी धरणांवर अशाच ट्यूबवर बसून गरीब मासेमार जाळी टाकतात. दूर ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर लोक तोंडाने फुंकून फुगवलेल्या गादीवर पालथे पडून समुद्राच्या लाटेवर स्वार होतात. पोटासाठी असो वा मौजेसाठी, माणूस आपला भार पिशवीभर हवेवर टाकू लागला. ही हवा पिशवीत टिकावी म्हणून ज्याने आयुष्य पणाला लावले, त्या चार्ल्स गुडइयरची ही कहाणी आहे.

गुडइयरचा जन्म २९ डिसेंबर १८०० रोजी अमेरिकेतील कनेटिकट राज्यात न्यू हेवन येथे झाला. वडील शेतीची अवजारे आणि लोखंडी सामान बनवीत. त्याच मालाचे दुकान मुलाने फिलाडेल्फियात थाटले. परंतु १८३० च्या सुमारास धंदा बुडाला आणि कर्जाचा डोंगर डोक्यावर आला. त्या काळी कर्ज फेडता आले नाही तर तुरुंगाची वाट धरावी लागे. गुडइयरला ती वाट आयुष्यभर सुटली नाही.

१८३४ मध्ये तो न्यूयॉर्कमध्ये रॉक्सबरी इंडिया रबर कंपनीच्या दुकानात गेला. तेथे बुडणाऱ्याला तारण्यासाठी वापरायचा, हवा भरून फुगवायचा रबरी पट्टा विकायला ठेवला होता. त्याची हवा भरण्याची झडप सदोष आहे, हे गुडइयरने पाहताक्षणी ओळखले. त्याने पट्टा घरी नेला, अधिक चांगली झडप तयार केली आणि ती विकावी म्हणून तो पुन्हा दुकानात आला. व्यवस्थापकाने कौतुक केले, पण खरे दुखणेही सांगितले. बिघाड झडपेत नव्हता, रबरातच होता. ब्राझीलच्या झाडांच्या चिकापासून केलेले हे रबर उन्हाळ्यात वितळून चिकट होई आणि हिवाळ्यात ताठरून तडके. गिऱ्हाइकांनी परत केलेल्या मालाचे दुर्गंधी लगदे झाले होते आणि रबराचे कारखाने एकामागून एक बंद पडत होते. ज्या पिशवीच्या भिंतीच वितळतात, तिला उत्तम झडप लावून काय उपयोग? गुडइयर दुकानातून बाहेर पडला तो हाच प्रश्न घेऊन.

त्याला रसायनशास्त्राचे शिक्षण नव्हते. फिलाडेल्फियाला परतताच कर्जापायी त्याला तुरुंगात जावे लागले. तेथेच त्याने पत्नी क्लॅरिसाकडून कच्चे रबर आणि पोळपाटावरच्या लाटण्यासारखे लाकडी लाटणे मागवून प्रयोग सुरू केले. रबरात मॅग्नेशिया मिसळले, चुना मिसळला, नायट्रिक आम्ल वापरून पाहिले. आम्लाच्या वायूने एकदा त्याचा जीवच जायचा, पण रबराच्या पृष्ठभागाचा चिकटपणा मात्र गेला. या यशावर सरकारने टपालाच्या १५० थैल्यांची मागणी नोंदवली. थैल्या तयार झाल्या, टांगून ठेवल्या आणि उन्हाळ्याच्या उष्णतेत त्यांचा आकारच राहिला नाही. गुडइयर स्वतः रबराची टोपी आणि रबराचा कोट घालून हिंडत असे. लोक त्याला वेडा ठरवून मोकळे झाले.

या वेडाची किंमत घराने मोजली. स्वयंपाकघर हीच त्याची प्रयोगशाळा होती. घरातल्या वस्तू गहाण पडल्या, मुलांची शाळेची पुस्तकेसुद्धा विकली गेली. काही मुले लहानपणीच दगावली. एका मुलाच्या अंत्यविधीपुरतेही पैसे घरात नव्हते, असे त्याचे चरित्रकार सांगतात. क्लॅरिसाने हे सारे सोसले. संशोधकांच्या चरित्रांत अशा घरांना दोन ओळींची जागा मिळते. पण गुडइयरच्या रबरावर तिचाही हक्क आहे.

रबरावर गंधकाचा परिणाम होतो, हे नॅथॅनिएल हेवर्ड या कारागिराच्या ध्यानात आले होते. त्याचे हक्क गुडइयरने विकत घेतले. १८३९ च्या हिवाळ्यात मॅसॅच्युसेट्समधील वोबर्न येथे गंधक मिसळलेला रबराचा तुकडा तापलेल्या शेगडीला लागला. तो वितळायला हवा होता. त्याऐवजी तो चामड्यासारखा करपला आणि करपलेल्या भागाच्या कडेला एक लवचीक पट्टी उरली. हा तुकडा त्याने रात्रभर बाहेरच्या कडाक्याच्या थंडीत खिळ्याने ठोकून ठेवला. सकाळी तो तितकाच लवचीक होता. लोक याला योगायोग म्हणतात. मात्र तोच तुकडा दुसऱ्या कोणाच्या हातून पडता, तर तो केरात गेला असता. किती उष्णता आणि किती वेळ, हे नेमके ठरवण्यात गुडइयरची पुढची काही वर्षे गेली.

गंधकाने नेमके काय केले, ते शास्त्राला फार नंतर उमगले. रबराचे रेणू लांबच लांब साखळ्यांसारखे असतात आणि उष्णतेत ते एकमेकांवरून घसरतात. गंधकाचे अणू या साखळ्यांना ठिकठिकाणी आडवे टाके घालतात. मग रबर ताणले जाते, पण घसरत नाही. भोपळ्यांची जशी सांगड घालतात, तशीच ही रेणूंची सांगड.

अमेरिकेतले पेटंट त्याला १५ जून १८४४ रोजी मिळाले. तोवर उशीर झाला होता. त्याच्या रबराचे नमुने इंग्लंडमध्ये पोहोचले होते. त्यांवर गंधकाच्या खुणा पाहून थॉमस हॅनकॉक याने आपल्या प्रयोगांना दिशा दिली आणि काही आठवडे आधीच तेथे अर्ज दाखल केला. इंग्लंडमधला दावा गुडइयर हरला. अमेरिकेत डॅनिएल वेब्स्टरसारखा नामांकित वकील लावून त्याने १८५२ मध्ये मोठा खटला जिंकला. पण हक्क स्वस्तात विकण्याची सवय आणि पेटंट चोरणाऱ्यांशी चाललेले लढे यांत पैसा टिकला नाही. लंडनच्या १८५१ च्या आणि पॅरिसच्या १८५५ च्या प्रदर्शनांत त्याने रबराच्या वस्तूंची भव्य दालने उभारली. पॅरिसमध्ये देणेकऱ्यांनी त्याला तुरुंगात धाडले आणि फ्रान्सच्या सम्राटाने बहाल केलेले मानचिन्ह त्याला तुरुंगातच मिळाले.

क्लॅरिसा १८५३ मध्ये वारली. १८६० मध्ये मुलीच्या गंभीर आजाराची वार्ता ऐकून गुडइयर न्यू हेवनला निघाला. न्यूयॉर्कला पोहोचतो तोच ती गेल्याचे कळले. १ जुलै १८६० रोजी तेथेच त्याचा अंत झाला. मागे सुमारे २ लाख डॉलरचे कर्ज उरले. त्याच्या नावाची टायर कंपनी १८९८ मध्ये निघाली; त्याच्या कुटुंबाचा तिच्याशी काही संबंध नव्हता.

त्याच्या मृत्यूनंतर ७३ वर्षांनी, १९३३ मध्ये, सिडनीत अर्नेस्ट स्मिदर्स या डॉक्टराने लाटांवर स्वार होण्यासाठी फुगवायची रबरी गादी आणली. तिला सर्फोप्लेन म्हणत आणि ती किनाऱ्यावर भाड्याने मिळे. पुढे कॅलिफोर्नियाच्या जॉर्ज ग्रीनोसारख्या जाणकारांनी या गादीची गोडी वाढवली आणि काही कारागीर पातळ नायलॉनच्या गाद्या हाताने बनवू लागले. गंमत अशी, की ही गादी पुरती फुगवायची नसते. हवा थोडी कमी ठेवली, तरच ती लाटेच्या अंगाने वाकते आणि तिचे कोपरे मुठीत दाबून दिशा बदलता येते. हवा टिकेल याची खात्री आली, तेव्हा कुठे माणसाला ती कमी ठेवण्याची चैन परवडली.

आपल्याकडे लाटा नसल्या तरी पाणी आहे. पहिल्यांदाच पाण्यात उतरणारे पोर ट्यूबला घट्ट बिलगते, तेव्हा ती फुटणार नाही, वितळणार नाही, असे त्याने मनोमन धरलेले असते. हा विश्वास त्याला फुकट मिळतो. त्याची किंमत एका कुटुंबाने पावणेदोनशे वर्षांपूर्वी चुकती केली आहे.