बॅरिस्टरीचा खर्च कसा भागला? – डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या कायद्याच्या शिक्षणाची गोष्ट



बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी आपल्याला पाठ असते. एम. ए., पीएच. डी., एम. एस्सी., डी. एस्सी., बार-ॲट-लॉ. जयंतीच्या भाषणात आपण ती एका दमात म्हणतो. पण या पदव्यांना लागलेले पैसे आले कुठून, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. बारावीनंतर वकिलीला जायचं म्हटलं की घरात पहिला प्रश्न फीचाच निघतो ना? म्हणून आज आपण बाबासाहेबांचं चरित्र याच अंगाने पाहणार आहोत. चला तर मग.

घरची परिस्थिती

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. निवृत्तीनंतर घर चालायचं ते पेन्शनवर. मुलाला पुस्तकांचं वेड, आणि पुस्तकं तर महाग. मग रामजीबाबा काय करायचे? लग्न झालेल्या मुलींकडे जाऊन त्यांचा एखादा दागिना मागून आणायचे, तो गहाण ठेवून पुस्तक घ्यायचे आणि पेन्शन आली की दागिना सोडवून परत द्यायचे. भीमरावांच्या शिक्षणाला मिळालेली पहिली आर्थिक मदत ही अशी घरातली होती.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातला मुलगा मॅट्रिक होणं ही तेव्हा फार मोठी गोष्ट होती. त्यांच्या सत्काराच्या कार्यक्रमात कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धांचं चरित्र त्यांना भेट दिलं. पुढे कॉलेजचा खर्च रामजीबाबांच्या आवाक्याबाहेर जायला लागला, तेव्हा याच केळुसकर गुरुजींनी पुढाकार घेतला. त्यांच्या प्रयत्नाने भीमराव बडोद्याच्या महाराजांना, सयाजीराव गायकवाडांना भेटले. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरं ऐकली आणि महिना २५ रुपये शिष्यवृत्ती मंजूर केली. त्या जोरावर १९१२ मध्ये भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. महाराज मदत करायला तयार होते आणि विद्यार्थीही लायक होता. पण दोघांची गाठ घालून देणारा एक शिक्षक मध्ये उभा होता. शिक्षक मित्रहो, हे वाक्य खास आपल्यासाठी आहे!

अमेरिका आणि मग लंडन

फेब्रुवारी १९१३ मध्ये रामजीबाबा वारले. त्याच वर्षी बडोदा संस्थानाने परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. अट अशी की शिकून परत आल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायची. तसा करार झाला आणि जुलै १९१३ मध्ये भीमराव न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. तिथे त्यांना नवल भथेना नावाचे पारशी मित्र मिळाले. हे नाव लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा पुन्हा येणार आहे.

अर्थशास्त्राचं काम होत आलं तसं बाबासाहेबांनी लंडन गाठायचं ठरवलं. १९१६ मध्ये त्यांनी दोन ठिकाणी प्रवेश घेतला. अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये.

आता तुम्ही विचाराल, हे 'इन' म्हणजे काय? लंडनमध्ये वकिलांच्या चार जुन्या संस्था आहेत. लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल आणि ग्रेज इन. इंग्लंडमध्ये बॅरिस्टर व्हायचं तर यांपैकी एकीचं सदस्य व्हावं लागतं. गांधीजी इनर टेंपलचे होते. त्या काळी परीक्षा तर पास व्हाव्या लागतच, शिवाय बारा सत्रं भरावी लागत. वर्षाला चार सत्रं, म्हणजे तीन वर्षं. आणि हजेरी कशी धरायचे माहीत आहे? संस्थेच्या मोठ्या दालनात प्रत्येक सत्रात ठरावीक वेळा जेवायला बसावं लागे! वाचायला गंमत वाटते, पण विद्यार्थ्याच्या खिशाला ती गंमत नव्हती. प्रवेशाचे पैसे, परीक्षेचे पैसे, जेवणाचे पैसे, शेवटी बॅरिस्टर म्हणून नाव लागताना पुन्हा पैसे. आणि एवढी वर्षं लंडनमध्ये राहण्याचा खर्च वेगळाच.

शिष्यवृत्ती संपली

अभ्यास नुकताच सुरू झाला होता, तोच संस्थानाच्या दिवाणांकडून परत बोलावणं आलं. शिष्यवृत्तीची मुदत संपली होती. हातात ना डी. एस्सी., ना बॅरिस्टरी. अशा वेळी कोणीही खचून गेलं असतं. बाबासाहेबांनी मात्र निघण्याआधी एक महत्त्वाचं काम केलं. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पूर्ण करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळवली. पैसे नव्हते, पण परतीचा दरवाजा त्यांनी बंद होऊ दिला नाही.

ऑगस्ट १९१७ मध्ये ते मुंबईला पोहोचले. पहिलं महायुद्ध चालू होतं. त्यांची पुस्तकं वेगळ्या जहाजाने येत होती. ते जहाज पाणतीराच्या हल्ल्यात बुडालं आणि पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तकं समुद्राच्या तळाशी गेली.

करार पाळायचा म्हणून ते बडोद्याला नोकरीवर हजर झाले. तिथे काय झालं ते आपण पाठात वाचलेलं आहे. शिपाई फाइली लांबून टाकायचे. राहायला कोणी जागा देईना. एका पारशी उतारगृहात नाव लपवून राहिले, तर जमाव काठ्या घेऊन आला आणि त्यांना बाहेर काढलं. कामाठी बागेत झाडाखाली बसून त्यांनी अश्रू ढाळले आणि मुंबईला परतले. ज्या शिष्यवृत्तीने परदेशी पाठवलं, तिची अट पाळायला ते गेले होते. पण समाजाने ती पाळू दिली नाही.

दुसरा प्रयत्न – स्वतःच्या कमाईतून

आता मुंबईत काय करायचं? त्यांनी शिकवण्या केल्या. शेअर बाजारातल्या लोकांना सल्ला देण्याचा व्यवसाय काढला. सल्लागाराची जात कळली तशी गिऱ्हाइकं बंद झाली. अखेर नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची नोकरी मिळाली. पगार महिना ४५० रुपये. त्या काळात हा पगार चांगला होता. पण तिथेही प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातलं पाणी बाबासाहेबांनी प्यायला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली.

या पगारावर ते ऐटीत राहू शकले असते. तसं त्यांनी केलं नाही. परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांतच राहिले. रमाईंच्या हाती घरखर्चापुरते पैसे द्यायचे आणि बाकीचे लंडनसाठी बाजूला ठेवायचे. म्हणजे या बॅरिस्टरीत रमाईंच्या काटकसरीचाही वाटा आहे. मुलांनो, पदवीच्या कागदावर एकच नाव असतं, पण तिच्यामागे घरातली किती माणसं उभी असतात, याचा विचार करा.

मार्च १९२० मध्ये त्यांनी नोकरी सोडली. पैशांचा हिशोब आता असा जुळला. पगारातली स्वतःची बचत, कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेनांकडून घेतलेलं ५,००० रुपयांचं कर्ज. जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. चार वर्षांची मुदत अजून संपलेली नव्हती!

लंडनमधले दिवस

या वेळी दर महिन्याला येणारी शिष्यवृत्ती नव्हती. होते ते ठरावीक पैसे, आणि ते पुरवायचे होते. सकाळी थोडासा नाश्ता करून ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जायचे. दुपारच्या जेवणावर खर्च करायचा नाही. ग्रंथालय बंद होईपर्यंत वाचत बसायचं. मग खोलीवर येऊन पुन्हा रात्री उशिरापर्यंत अभ्यास. गाडीभाडं वाचावं म्हणून पायी चालायचे. रात्री भूक लागली की मित्राने दिलेले पापड भाजून खायचे.

त्यात आणखी एक संकट आलं. १९२० च्या सुरुवातीला एका रुपयाला दोन शिलिंगांपेक्षा जास्त मिळत होते. १९२१ मध्ये तोच रुपया सव्वा ते दीड शिलिंगांच्या आसपास घसरला. गणित करून पाहू. २० शिलिंगांचा एक पौंड. रुपयाला दोन शिलिंग असताना १,५०० रुपयांचे १५० पौंड होतात. रुपयाला सव्वा शिलिंग धरला तर त्याच पैशांचे ९४ पौंडही होत नाहीत. योगायोग बघा, बाबासाहेबांच्या डी. एस्सी.च्या प्रबंधाचा विषय होता रुपयाचाच प्रश्न! दिवसभर ज्यावर लिहायचे, तेच संध्याकाळी खिशात अनुभवायचे.

या अडचणीत त्यांनी शाहू महाराजांना पत्र लिहून २०० पौंड मागितले. देणगी म्हणून नाही, कर्ज म्हणून. मदत मागायला ते लाजले नाहीत, आणि परत करण्याची जबाबदारीही त्यांनी टाळली नाही. दोन्ही गोष्टी शिकण्यासारख्या आहेत.

१९२१ मध्ये एम. एस्सी. पूर्ण झालं. २८ जून १९२२ रोजी ग्रेज इनने त्यांना बॅरिस्टर केलं. प्रवेश घेतल्यापासून साडेपाच वर्षांहून जास्त काळ गेला होता. शाहू महाराजांना मात्र हा दिवस पाहता आला नाही. त्याआधी पावणेदोन महिने, ६ मे १९२२ रोजी त्यांचं निधन झालं होतं.

सनदेसाठी पुन्हा पैसे

एप्रिल १९२३ मध्ये बाबासाहेब मुंबईला परतले. आता झाले बॅरिस्टर, लगेच कोर्टात उभे राहिले असतील, असं वाटतं ना? नाही. वकिली करायला हायकोर्टाची सनद काढावी लागते आणि तिला फी लागते. एवढ्या पदव्या असलेल्या माणसाकडे त्या फीचे पैसे नव्हते. पुन्हा धावून आले नवल भथेना. जुलै १९२३ मध्ये मुंबई हायकोर्टात बाबासाहेबांची नोंद झाली. वय होतं बत्तीस.

सुरुवातीला कामं फार कमी मिळाली. मोठ्या खटल्यांची कामं सॉलिसिटरांकडून यायची, आणि जातीमुळे ते बाबासाहेबांकडे येत नसत. मग त्यांनी जिल्ह्याच्या कोर्टांतली कामं घेतली. जोडीला १९२५ पासून एका खासगी संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. हळूहळू नाव झालं. १९३५ मध्ये तर ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले.

आपल्यासारखी वेळ दुसऱ्यावर येऊ नये म्हणून

बाबासाहेबांना महाराजा भेटले, गुरुजी भेटले, मित्र भेटला. पण ज्याला असं कोणी भेटत नाही, त्या मुलाने काय करायचं? मदत कुणाच्या मर्जीवर राहू नये, ती व्यवस्थेतून मिळाली पाहिजे, या दिशेने त्यांनी पुढे काम केलं. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. तेव्हा त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी सरकारी शिष्यवृत्तीचा पाठपुरावा केला. १९४४ मध्ये सुरू झालेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आजही चालू आहे. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९५६ मध्ये तिच्यातर्फे मुंबईत सिद्धार्थ लॉ कॉलेज सुरू झालं. त्याच वर्षी ६ डिसेंबरला त्यांचं महापरिनिर्वाण झालं.

आज तुमच्यासाठी

वकील व्हायचं असेल तर बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. फीसाठीच्या सरकारी शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरले जातात. परदेशी जायचं असेल तर अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची शिष्यवृत्ती आहे, आणि तिला नाव आहे राजर्षी शाहू महाराजांचं! आणि सनदेची फी? जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की वकिलांच्या नोंदणीसाठी कायद्यात ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त फी घेता येणार नाही. ती रक्कम आहे सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला १२५ रुपये. ज्या फीसाठी बाबासाहेबांना मित्राकडे हात पसरावा लागला, ती फी आता कोणाची वाट अडवणार नाही.

म्हणून सांगावंसं वाटतं. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला वेळेत काढून ठेवा. अर्जाची शेवटची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा. अडचण आली तर शिक्षकांना विचारा, लाजू नका. आणि मध्येच शिक्षण थांबवायची वेळ आली, तर परत येण्याची मुदत आणि नियम विचारून मगच बाहेर पडा. बाबासाहेबांनी १९१७ मध्ये नेमकं हेच केलं होतं.

विचार करा आणि लिहा

१. बाबासाहेबांच्या शिक्षणाला कोणाकोणाची मदत झाली? नावांसह यादी करा.
२. शिष्यवृत्ती, बचत आणि कर्ज यांत काय फरक आहे?
३. १९१७ मध्ये लंडन सोडताना बाबासाहेबांनी परवानगी घेतली नसती तर काय झालं असतं?
४. तुमच्या शाळेतल्या कोणकोणत्या शिष्यवृत्त्या तुम्हाला माहीत आहेत? वर्गशिक्षकांना विचारून माहिती मिळवा.

लेख आवडला तर आपल्या वर्गात नक्की वाचून दाखवा.